कानाने वाचायचे पत्र

‘दिन तंती’ला भडक पत्र म्हणून निकालात काढणे सोपे आहे. ठसठशीत मथळे, खून-दरोडे, सिनेमा हे त्यात आहेच. पण बॅरिस्टर सि. पा. आदितनारांनी १९४२ साली मदुराईत काढलेल्या या पत्राचा विचार भाषेच्या अंगाने व्हायला हवा. (तंती म्हणजे तार.)

तमिळची लेखी भाषा आणि बोली यांतले अंतर मराठीच्या मानाने फार मोठे. आदितनारांनी लेखी व्याकरण सोडले नाही, पण वाक्ये आखूड केली, शब्द रोजच्या वापरातले घेतले. चहाच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचावे आणि अक्षरओळख नसलेल्यानेही बातमी घेऊन उठावे, हे त्यामुळे साधले. अक्षरे जुळवत तमिळ शिकलेल्या मलाही पहिली सबंध बातमी समजली ती याच पत्रातली.

उलट नभोवाणी. तिरुचिरापल्लीचे केंद्र १९३९चे, पत्राहून थोरले. माध्यम कानाचे, पण बातम्या ग्रांथिक तमिळमध्ये. छापील पत्र कानाला धरून चालले होते आणि कानाचे माध्यम छापल्यासारखे बोलत होते! १९९३मध्ये सन टीव्ही आला, तरी निवेदकाची भाषा लेखीच राहिली. बातम्यांत बोली ऐकू येते ती बहुधा ज्याच्यावर काही गुदरले आहे त्याच्या तोंडून.

म्हणून ‘सवंग’ हा शेरा मला अपुरा वाटतो. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच सुटसुटीत वाक्यांनी खुनाची बातमी चटकदार गोष्ट होते, आणि मेलेली बाई तिच्यातले एक पात्र.