द्वितीय भाषा कुणाची? इंग्रजी शिक्षकांच्या पदव्युत्तर शिक्षणाची चिकित्सा

आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे. साध्या भाषेत प्रश्न असा : इंग्रजी शिकवणारा शिक्षक नोकरी सांभाळून एम.ए. करतो, कुणी हैदराबादच्या विद्यापीठाची अध्यापन-पदविका घेतो. दोन वर्षं जातात, फी जाते, रविवार जातात. नंतर तो पुन्हा वर्गात उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात नवीन काय असतं? समोर बरेच शिक्षक बसलेले आहेत, म्हणून गुळमुळीत बोलणार नाही. बहुतेक वेळा फारसं काही नसतं. तसं का होतं, ते पाहू.

सुरुवात नावापासूनच करू. या अभ्यासक्रमांच्या नावात किंवा पहिल्या प्रकरणात 'इंग्रजी : द्वितीय भाषा' असं असतं. आता आपल्या दहावीच्या मंडळाकडे बघा. मराठी माध्यमाच्या मुलाच्या इंग्रजीला तिथे 'तृतीय भाषा' म्हणतात. आणि सोलापूरच्या पूर्व भागात गेलात तर हाही हिशोब चुकतो. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या, विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात तेलुगू. मूल मराठी शाळेत जातं, पुढे हिंदी येते, म्हणजे इंग्रजी झाली चौथी! अक्कलकोटकडे हेच कन्नड घरातल्या मुलाचं. म्हणजे आपला शिक्षक ज्या मुलासाठी पदवी घेतो, ते मूल त्याच्या वर्गात नाहीच. हा नुसता शब्दांचा कीस नाही. पाठ्यक्रमाने मूल चुकीचं गृहीत धरलं, की पुढचं सगळं चुकत जातं.

हे गृहीतक आलं कुठून? १९६१ साली युगांडात मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनाची एक परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, इंग्रजी ज्याची मातृभाषा तोच आदर्श शिक्षक, जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं, जितकी जास्त तितकी चांगली, आणि इतर भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशी पाच सूत्रं तिथून रूढ झाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली 'लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम' या पुस्तकात ही पाचही सूत्रं भ्रम आहेत असं मांडलं. गंमत अशी, की त्यानंतर आठ वर्षांनी, २००० साली, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली. एम.ए.च्या वर्गात आपण फिलिप्सन वाचतो, आणि सोमवारी शाळेत मुलाला सांगतो, 'वर्गात तेलुगू बोलायचं नाही.' हा विरोधाभास परीक्षेत कुणी विचारत नाही.

आता एका पुस्तकाबद्दल बोलतो, कारण चिकित्सा हवेत करता येत नाही. एन. एस. प्रभू यांचं 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी', १९८७ सालचं. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या साध्या शाळांत त्यांनी एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी देऊन प्रश्न सोडवायला लावले. विचार करता करता भाषा येईल, ही कल्पना. जगभर ज्याला आज टास्क-आधारित अध्यापन म्हणतात, त्याच्या पायाच्या दगडांपैकी हा एक. तो आपल्यासारख्याच गर्दीच्या वर्गातून निघाला.

पण आपल्या गाईडांतून या पुस्तकाचं काय होतं? पाच गुणांची टीप. 'गुण आणि दोष लिहा.' त्यात हमखास वाक्य असतं, की टास्क म्हणजे गटकार्य. अहो, प्रभूंनी गटकार्य मुद्दाम टाळलं होतं! मुलं एकमेकांचीच कच्ची इंग्रजी पक्की करतील, असं त्यांचं म्हणणं. आधी सगळ्या वर्गाबरोबर तोंडी एक टास्क, मग तशीच दुसरी प्रत्येकाने स्वतः. आणि टास्क योग्य होती का हे ओळखायची त्यांची खूण अगदी व्यवहारी : निम्म्या वर्गाला निम्मी तरी जमली पाहिजे. हे उद्या सकाळी वापरता येईल असं ज्ञान आहे. टिपेत नेमकं तेच गळतं.

मला प्रभूंचीही आरती ओवाळायची नाही. ॲलन बेरेटा यांनी १९९० साली या प्रयोगाच्या अंमलबजावणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांपैकी अनेकांना ही पद्धत पुरती पेलली नव्हती. बाहेरून आलेल्या जाणकारांना ती जास्त जमली. म्हणजे पद्धत कितीही चांगली असो, शिक्षकाची स्वतःची इंग्रजी आणि आत्मविश्वास नसेल तर ती कागदावर राहते. म्हणून 'एम.ए.तलं साहित्य काढून टाका' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कादंबऱ्या वाचल्याशिवाय शिक्षकाची इंग्रजी वाढणार कशी? साहित्य असू द्या की. तक्रार एवढीच, की त्याच्या शेजारी स्वतःचा वर्ग अभ्यासायची सोय नाही.

तो वर्ग अभ्यासायचा म्हणजे काय, एक उदाहरण देतो. मराठीत आपण म्हणतो 'मला आवडतं'. तेलुगूत 'नाकु इष्टम्', कन्नडमध्ये 'ननगे इष्ट', उर्दूत 'मुझे पसंद है'. चारही भाषांत 'मला'च येतं. इंग्रजी एकटी म्हणते 'आय लाइक', तिथे 'मी' कर्ता होऊन बसतो. सोलापूरच्या वर्गातली सगळी मुलं, घरची भाषा कुठलीही असो, इथे एकाच बाजूला उभी आहेत. क्रियापद शेवटी ठेवण्याचंही तसंच. शिक्षकाने चार भाषांतली चार वाक्यं फळ्यावर मुलांकडूनच लिहून घेतली, तर दहा मिनिटांत वर्गाला कळेल की इंग्रजी वेगळं काय करते. त्या तेलुगू मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कळेल, की तिच्या घरची भाषा शाळेतही कामाची आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली सांगितलं, की मुलाची चूक ही त्याच्या शिकण्याची खूण असते. आपण चूक लाल पेनाने खोडतो, वाचत नाही.

सोलापूरचं विद्यापीठ २००४ साली झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. लोक याला मर्यादा मानतात. या विषयापुरतं मला ते भाग्य वाटतं. एक जिल्हा, आणि चार भाषांची मुलं हाकेच्या अंतरावर. इथल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने प्रबंध म्हणून आपल्याच एका वर्गाच्या तीन महिन्यांच्या वह्या घ्याव्यात, चुका घरच्या भाषेप्रमाणे लावाव्यात आणि तोंडी परीक्षेत त्यावर बोलावं. अशा प्रबंधांतून दहा वर्षांत जे उभं राहील, ते हैदराबादलाही मिळणार नाही.

तोवर, शिक्षक मित्रांनो, प्रवेश घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. या अभ्यासक्रमात माझा वर्ग कुठे येतो? आणि मी शिकवताना कुणी येऊन बघणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर निवडश्रेणीसाठी पदवी खुशाल घ्या, त्यात लाज नाही. फक्त तिने तुमचा वर्ग बदलेल अशी आशा धरू नका. ते काम मग तुम्हालाच, वह्यांचा गठ्ठा समोर घेऊन, करावं लागेल.

आता प्रश्न घेऊ.