नुसतं बघायला आलेली बाई

घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल तर 'कॉमिक कॉन' हा शब्द तुमच्या कानावर पडलाच असेल. चित्रकथा, जपानी ॲनिमे, सिनेमे आणि व्हिडिओ गेम यांच्या वेडानं झपाटलेली माणसं दोन-तीन दिवस एका मोठ्या हॉलमध्ये जमतात. आवडत्या पात्रांचे पोशाख घालून हिंडतात, चित्रकारांना भेटतात, खरेदी करतात. मुलीला तिथं जायचंच असतं. एकटीला परगावी पाठवायचं नाही, म्हणून आई, मावशी नाहीतर काकू सोबत निघते. दोन तिकिटं काढली जातात. एक चाहतीचं, एक सोबतिणीचं.

परत आल्यावर दोघींची मतं दोन टोकांना. मुलगी म्हणते, एवढा भारी दिवस कधी गेलाच नाही. आई म्हणते, पायाचे तुकडे पडले, पैसे गेले, आणि बघितलं काय, तर गर्दी! हा वाद फक्त आपल्या घरातला नाही. जिथं जिथं असे मेळावे भरतात तिथं तो चालतो. जिला या वेडातलं फारसं काही माहीत नाही, जी सहज म्हणून आली, तिचं समाधान इथं होतं का? एक पक्ष म्हणतो, तिकीट घेतलंय ना, मग समाधान करणं आयोजकांचं काम. दुसरा म्हणतो, हा चाहत्यांचा मेळा आहे, कंटाळा आला तर येऊ नका. मला दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. का, ते कळण्यासाठी हे मेळावे मुळात कुणी सुरू केले ते बघायला हवं. त्यात बायकांचा हात किती आहे, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक अधिवेशन भरलं. जेमतेम दोनशे माणसं. तिथं फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख घालून आला आणि त्याचं नाव झालं. तो पोशाख शिवला होता त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हिनं. स्वतःसाठीही तिनं तसाच एक शिवला होता आणि तो घालून तीही तिथं हिंडली. आज ज्याला 'कॉस्प्ले' म्हणतात त्याची सुरुवात एका बाईच्या सुईदोऱ्यातून झाली, असं म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे त्याच अधिवेशनात सहा तरुण चाहत्यांना आपसातल्या भांडणावरून दारातूनच परत पाठवलं गेलं. आत कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढे जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कलाच 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा झाला. मालिका बंद पडून तीन वर्षं होत आली होती. आयोजकांमध्ये जोन विन्स्टन, देव्रा लँगसम यांच्यासारख्या बायका पुढे होत्या. काहीशे माणसं येतील असा त्यांचा अंदाज होता, आली तीन हजारांवर. त्याआधी ही मालिका बंद करू नये म्हणून पत्रांची जी मोठी मोहीम झाली, ती बीजो ट्रिम्बल हिनं नवऱ्याच्या साथीनं चालवली होती. घरबसल्या पत्रं लिहून आणि लिहायला लावून.

जपानची गोष्ट तर आपल्यासाठी अजून मोलाची. डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत 'कॉमिक मार्केट' पहिल्यांदा भरलं. आपल्या हातानं चित्रकथा काढून, छापून विकणारे बत्तीस गट आणि सातशेच्या आसपास माणसं. त्यात बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली! मुलींसाठीच्या चित्रकथांच्या चाहत्या. पुढे हा मेळावा लाखांनी माणसं येण्याइतका वाढला, पण त्याचं एक तत्त्व राहिलं. इथं कुणी गिऱ्हाईक नाही, सगळे सहभागी. विकणारा सहभागी, रांग सांभाळणारा स्वयंसेवक सहभागी, आणि विकत घ्यायला आलेलाही सहभागीच.

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथं आहे. 'समाधान झालं का?' हा प्रश्न आपण गिऱ्हाईक म्हणून विचारतो. साडीच्या दुकानातून बाहेर पडताना विचारावा तसा. पण हे मेळावे दुकान म्हणून सुरू झालेच नव्हते. कुणीतरी शिवलं, लिहिलं, काढलं, आणि ते दाखवायला दुसरं कुणी हवं होतं म्हणून माणसं जमली. तिथं आलेल्याला गिऱ्हाईक बनवलं कुणी, हे आधी विचारायला हवं.

बनवलं ते मोठेपणानं. अमेरिकेत सॅन दिएगोचा कॉमिक कॉन १९७० मध्ये तीनेकशे माणसांचा होता. आता एक लाख तीस हजारांच्या वर माणसं येतात. तिथल्या 'हॉल एच' नावाच्या सभागृहात साडेसहा हजार लोक मावतात, आणि नव्या सिनेमाची झलक बघायला लोक आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. एक कार्यक्रम संपला की हॉल रिकामा करत नाहीत. त्यामुळे दुपारचा कार्यक्रम हवा असेल तर सकाळपासूनचे नको असलेले कार्यक्रमही बसून बघायचे, नाहीतर जागा जाते. आता सांगा, सहज आलेल्या बाईनं तिथं काय करावं? तिच्या वाट्याला येते ती रांग आणि पाठी.

आपल्या देशात 'कॉमिक कॉन इंडिया' फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये सुरू झाला. त्या वेळी मेळाव्याचं वेगळं तिकीट नव्हतं. दिल्ली हाट म्हणजे कारागिरांचा बाजार. लोक कुर्ता घ्यायला आले आणि चित्रकथा बघून गेले, असंही झालं असेल. 'अमर चित्र कथा' घडवणारे अनंत पै, आपल्या कर्नाटकातल्या कार्कळचे, यांना त्याच पहिल्या मेळाव्यात जीवनगौरव मिळाला आणि पाचच दिवसांनी ते गेले. आपल्यापैकी कितीजणींनी दुपारच्या वेळी पालथं पडून त्यांची पुस्तकं वाचली आहेत! म्हणजे चित्रकथा आपल्याला परक्या नाहीत. पुढे बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद, पुणे इथंही हे मेळावे गेले, हॉल मोठे झाले, तिकिटं आली. आणि आई 'सोबतीण' झाली.

मीही अशी सोबतीण म्हणून एका मोठ्या शहरातल्या मेळाव्याला जाऊन आले आहे. भाचीनं आमच्या घरच्या शिलाई मशीनवर गुलाबी किमोनो शिवला होता, त्यावर पांढऱ्या रंगानं जाळीची नक्षी काढली होती आणि तोंडात धरायला एका नळीला हिरवा रंग देऊन बांबू केला होता. दारात सामान तपासलं आणि माझा डबा काढून ठेवला. आत खायचं म्हणावं तर कांदा-लसूण नसलेलं काही मिळेना, आणि मला सूर्यास्ताच्या आत जेवायचं होतं. बसायला खुर्ची नव्हती. स्टॉलवर टी-शर्ट, बाहुल्या, मग. मोठ्या पडद्यावर आवाज एवढा, की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. दोन तास मी मनात पैशांचा हिशेबच करत होते.

मग फोटोच्या रांगेत एक अनोळखी मुलगी भेटली. पाठीला पुठ्ठ्याची तलवार बांधलेली. मी विचारलं, "काय गं, ही आमची पोरगी तोंडात बांबू का धरते?" तिचे डोळे असे चमकले! म्हणाली, "आंटी, तुम्हाला नेझुको माहीत नाही?" आणि तिनं रांगेत उभ्या उभ्या 'डेमन स्लेअर'ची गोष्ट सांगितली. एका मुलीचं घर राक्षसानं मारलं. त्याचं रक्त अंगात भिनून ती मुलगीही राक्षसीण झाली. या राक्षसांचं अन्न म्हणजे माणूस. पण ही खात नाही. भूक आहे, ताकद आहे, समोर माणूस जखमी पडला आहे, तरी खात नाही. चुकून चावायला नको म्हणून तोंडात बांबू. ऊन सोसत नाही म्हणून तिचा भाऊ दिवसा तिला लाकडी पेटीत बसवून पाठीवर वाहून नेतो.

दशलक्षण पर्वात 'उत्तम संयम' या दिवसाचं प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तोंड सांभाळणं ही काय चीज आहे, हे मला कुणी शिकवायला नको. त्या क्षणी समोरची बांबूवाली पोरगी मला निराळी दिसली. भाचीनं या पात्राचाच पोशाख का निवडला असेल, ते विचारावंसं वाटलं. परतीच्या गाडीत आम्ही तेच बोलत होतो. माझं समाधान झालं ते तिकिटानं नाही, पडद्यानं नाही. एका मुलीनं पाच मिनिटं गोष्ट सांगितली म्हणून झालं. आणि ती मुलगी आयोजकांनी ठेवलेली नव्हती. नशिबानं भेटली.

माझा आक्षेप इथंच आहे. नवख्या माणसाला लागणारी एकमेव गोष्ट या मोठ्या मेळाव्यांत नशिबावर सोडलेली असते. प्रवेशाला दरवाजा आहे, खरेदीला पावती आहे, पण 'ही कोण, हिची गोष्ट काय' हे सांगणारं माणूस नेमलेलं नाही. उलट चाहत्यांमधले काहीजण अशी प्रश्न विचारणारी बाई दिसली की नाक मुरडतात. त्यांना वाटतं, माहीत नसणं हा कमीपणा आहे. अरे, तुम्हाला तरी जन्मतः माहीत होतं का? कुणीतरी पुस्तक हातात दिलं, कुणीतरी शेजारी बसवून एक भाग दाखवला, तेव्हाच वेड लागलं ना?

पण दुसऱ्या पक्षाचंही मला सगळं पटत नाही. सहज आलेल्यांचं समाधान करायचं म्हणून मेळावा पातळ करायचा, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम घालायचे, ओळखीच्या सिनेनटाला आणायचं, यानं गर्दी वाढते. चाहत्यांची जागा मात्र कोपऱ्यात सरकते. स्वतःची चित्रं घेऊन छोट्या टेबलाशी बसलेला चित्रकार मागच्या ओळीत जातो. मग ना चाहतीला तिचं काही मिळतं, ना सोबतिणीला.

आमच्या बेळगाव भागात याचं एक जुनं उत्तर आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. तीही चाहत्यांचीच अधिवेशनं, पुस्तकांच्या चाहत्यांची. तिकीट नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते, तिच्यात गावातल्या बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात. त्यातल्या कितीतरी जणींनी वर्षभरात एकही पुस्तक उघडलेलं नसतं. पण दिंडीत चालल्या की त्या बघ्या राहत नाहीत. मग मांडवात बसून कथाकथन ऐकतात आणि कथा सांगणारा चांगला असेल तर पोट धरून हसतात. नवख्या माणसाला काहीतरी करायला दिलं आणि गोष्ट सांगितली, की समाधानाचा प्रश्न अर्धा सुटतो. अर्धाच म्हणते, कारण कलश घेऊन चालणारी बाई व्यासपीठावर किती वेळा दिसते, हा हिशेब आमच्या संमेलनांनीही मांडायचा आहे.

मोठ्या शहरातल्या मेळाव्यांना गावच्या मांडवासारखं होता येणार नाही, हे मान्य. पण नवख्यांसाठी एक कोपरा, चार खुर्च्या, आणि तिथं तासाला एखादी गोष्ट सांगणारी मुलगी, एवढं तर जमेल? शिवणकाम करणाऱ्या मुलींना एका टेबलाशी बसवून 'हा पोशाख कसा केला' हे दाखवायला सांगितलं, तर आपल्यातल्या निम्म्या बाया तिथून हलणार नाहीत. काजं कशी केली, अस्तर कुठलं लावलं, हे आपण विचारू आणि आपलंही दोन शब्द सांगू. मर्टल डग्लसची परंपरा आहे ती.

आणि बायांनो, थोडं आपणही करायचं आहे. मुलगी जाते म्हणाली तर आधी तिला विचारा, कोणाचा पोशाख घालणार आहेस आणि का. एक-दोन भाग तिच्याशेजारी बसून बघा. तिथं गेल्यावर मोठ्या पडद्यापुढे थांबू नका, चित्रकारांच्या टेबलांकडे जा. ती माणसं बोलायला उत्सुक असतात आणि गर्दीही तिथं कमी असते. विकत घ्यायचंच तर ज्यानं केलं त्याच्या हातून घ्या. खाण्याचे नियम आधी बघून ठेवा, सकाळी पोटभर जेवून निघा आणि उन्हं कलायच्या आत बाहेर पडा.

'थेरं' म्हणून मुलीचं वेड उडवून लावलं तर ती जायची थांबत नाही. सांगायची थांबते. तिकिटाचे पैसे वाया जाण्यापेक्षा तो तोटा मोठा आहे. म्हणून दुसरं तिकीट काढताना ते सोबतिणीचं म्हणून काढू नका. तुमच्या स्वतःच्या नावाचं काढा, आणि आत गेल्यावर दिसेल त्या पोरीला बिनधास्त विचारा, "काय गं, तू कोण?"