प्रोग्रामरचं बाड

जुन्या कीर्तनकाराचं बाड आपल्यापैकी काहींनी तरी हाताळलं असेल. लांबट वहीत पदं, अभंग, एखादं आख्यान, मध्येच खोकल्यावरचा काढा, कुणाच्या तरी उसनवारीचा हिशेब. अनुक्रमणिका नाही. तरी बुवांना हवं ते पान झटकन सापडायचं, कारण ते त्यांच्या हाताखालचं होतं. आज आम्ही ज्या लेखनाविषयी बोलणार आहोत ते याच जातीचं आहे, फक्त ते प्रोग्रामर मंडळींच्या लॅपटॉपवर असतं. कोडचे तयार तुकडे, कमांडची एकपानी टिपणं (त्यांना ही मंडळी चीटशीट म्हणतात) आणि संदर्भाचे तक्ते. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांनी यात का पडावं, असं कुणी विचारील. हे लेखन आहे, कामाच्या घाईत ते सतत वाचलं जातं, आणि त्याची समीक्षा मात्र क्वचितच होते. एवढं कारण आम्हाला पुरेसं आहे.

या संग्रहांवरचा पहिला आक्षेप नेहमी स्मरणशक्तीचा असतो. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये राजा थामस खुद्द लेखनकलेवरच तो घेतो. आम्हाला तो इथे गौण वाटतो. 'टार' या कमांडची अक्षरं पाठ असणं म्हणजे काही ज्ञान नव्हे. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी घोकली, आणि १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा त्या घोकंपट्टीतला बराचसा भाग वाऱ्यावर गेला. उजळणीचं पुस्तक ही तरी वाण्याची चीटशीटच होती की!

आमचा आक्षेप वेगळा आहे. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रं घ्या. याहून आटोपशीर लेखन सापडणं कठीण. पण परंपरेने सूत्राला एकटं सोडलं नाही. कात्यायनाने वार्तिकं लिहिली, पतंजलीने महाभाष्य. वार्तिकाचं काम कोणतं? उक्त, अनुक्त आणि दुरुक्त तपासायचं. सांगितलेलं, सांगायचं राहिलेलं आणि चुकीचं सांगितलेलं. आजच्या चीटशीटमध्ये उक्त ठासून भरलेलं असतं. उरलेली दोन कुठे गेली?

ती मुळात नव्हती असं नाही. युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची, थॉम्पसन आणि रिची यांची. तिच्यात कमांडच्या पानाला ठरलेले रकाने होते: नाव, वापर, वर्णन वगैरे. त्यांतच एक रकाना 'बग्ज'. म्हणजे ज्याने हत्यार घडवलं तोच पानाच्या तळाशी सांगतो की बाबांनो, हे इथे फसतं. तांत्रिक लेखनातला इतका सभ्य रिवाज आम्हाला दुसरा माहीत नाही. ही पानं पुढे फुगली, म्हणून २०१३ पासून 'टीएलडीआर पेजेस' नावाचा सामूहिक प्रकल्प सुरू झाला. एका ओळीत कमांडचा अर्थ, मग मोजकी उदाहरणं. काम फार चांगलं आहे, मूळ माहितीचा दुवाही ते देतात. पण साच्यात 'बग्ज'ला वेगळी जागा उरली नाही.

याने काय बिघडतं ते एका उदाहरणात पाहू. ठरल्या वेळी काम करवून घेणारी 'क्रॉन' नावाची सोय आहे. तिची चीटशीट सगळीकडे सारखीच: पाच घरं, मिनिट, तास, तारीख, महिना, वार. चित्र इतकं स्वच्छ की समजलं असं वाटतंच. आता कुणाला १३ तारखेला शुक्रवार आला तरच एक काम चालवायचं आहे. तो तारखेच्या घरात १३ घालतो, वाराच्या घरात ५. काम दर १३ तारखेला चालतं आणि शिवाय दर शुक्रवारीही चालतं. कारण ही दोन्ही घरं भरली की क्रॉन त्यांच्यामध्ये 'आणि' घेत नाही, 'किंवा' घेतो. मूळ हस्तपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. पाच घरांच्या चित्रात ते मावत नाही. तर्कशास्त्र शिकवण्यात आमचा जन्म गेला, 'आणि'-'किंवा'ची गल्लत इतक्या देखण्या वेषात आम्ही पाहिली नव्हती.

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमचा नातू प्रोग्रामर आहे. घराण्याची वंशावळ संगणकावर चढवताना त्याने सगळ्यांच्या जन्मवेळा एका मापात आणायचं ठरवलं, कारण निम्मं गोत परदेशात. तुकडा त्याच्या बाडात तयारच होता, वेळेचा विभाग 'एशिया/कोलकाता'. आमचा जन्म १९५१ चा, गिरगावातला. आईच्या वहीत नोंद होती: ९ मार्च, रात्री ११ वाजून ४० मिनिटे, मुं. टा. ही शेवटची दोन अक्षरं भरायला त्याच्या तक्त्यात रकानाच नव्हता, म्हणून त्याने ती सोडून दिली. आम्ही म्हटलं, "अरे, मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम!" तो म्हणाला, "आजोबा, पण भारतात तर एकच टाइम आहे ना?"

नव्हता. प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे प्रमाणवेळेने आम्ही १० मार्चला, बारा वाजून एकोणीस मिनिटांनी जन्मलो. नातवाच्या तुकड्याने आमचा दिवसच बदलला.

दोष त्या मूळ संग्रहाचा म्हणावा, तर नाही. जगभरच्या वेळांचा तो तक्ता ऑल्सन यांनी सुरू केला, पुढे एगर्ट सांभाळू लागले. (२०११ मध्ये ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने दोघांवर दावा लावला, २०१२ मध्ये मागेही घेतला.) त्यातली आशियाची फाइल आम्ही नातवाकडून उघडवून घेतली. आकड्यांइतकंच तिथे भाष्य आहे! कुठली नोंद कुणाकडून आली, शंका कुठे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९०६ साली नव्या वेळेला केलेल्या विरोधाचीसुद्धा टीप आहे, आणि भारतातल्या जुन्या वेळांचा छडा लावणं अवघड असल्याची कबुलीही. १९७० पूर्वीच्या नोंदींवर फार विसंबू नका, हे तर प्रकल्पाच्या कागदपत्रांत स्पष्टच आहे. पण ही फाइल यंत्राला समजेल अशा रूपात आणताना टिपा गळतात, यंत्राला त्यांची गरज नसते. मग ती यंत्रवाचनाची प्रत जगभर जाते, कुणी तिच्यावर चार ओळींचा तुकडा रचतो, आणि तो नातवाच्या बाडात पोचतो तेव्हा भाष्यातलं अक्षरही उरलेलं नसतं. सूत्र पोचलं, वार्तिक वाटेतच राहिलं.

आता तर उत्तर देणारी यंत्रंच आली, बाड ठेवायची गरज काय, असं नातवाचे मित्र म्हणतात. आम्हाला वाटतं, उलट आताच ठेवावं. बाडाला निदान मालक असतो, तो कधीतरी चूक खोडतो. फक्त प्रत्येक तुकड्याखाली तीन गोष्टी हव्यात: केव्हा घेतला, कुठून घेतला, कुठे फसतो. तिसरी जागा पहिल्या दिवशी रिकामीच राहील. राहू द्यावी.

नातवाने परवा दुरुस्त नोंद दाखवली. दोन्ही तारखा ठेवल्या आहेत, आणि खाली आधार लिहिला आहे: पणजीची वही, पान फाटलेलं, मुं. टा. आमच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र भलतीच तिसरी तारीख आहे. ती मास्तरांनी घातलेली. निवृत्त आम्ही तिच्याच हिशेबाने झालो.