तवशांचा सण आणि सांतानचे मंदिर

गोव्यातील तिसवाडी तालुक्यात, तळावली गावी संत ॲनाचे जुने मंदिर आहे. १५७७ साली येथे पहिले मंदिर झाले. आजची वास्तू १६८१ ते १६९५ या काळात उभी राहिली. तिचा पाच मजली दर्शनी भाग, दोन्ही अंगांचे चौकोनी मनोरे, शिंपल्यांची नक्षी आणि भिंतींच्या जाडीतून काढलेला चालण्याजोगा मार्ग यांमुळे कलेच्या अभ्यासकांनी तिला भारतीय बरोक शैलीचा उत्तम नमुना मानले आहे. हा गौरव यथार्थ आहे, परंतु अपुरा आहे. त्यात मंदिर दिसते, मंडळी दिसत नाही.

जुलैअखेरीस संत ॲनाच्या सणाला येथे भाविक तवशी, म्हणजे काकड्या, घेऊन येतात. अपत्य व्हावे ही त्यामागील याचना. पोर्तुगीज भाषेत काकडी आणि बालक या दोन शब्दांचे यमक जुळते. त्या यमकाने या प्रथेला बोल दिले. सुशिक्षितांपैकी काहींना ही प्रथा अंधश्रद्धा वाटते. पण संत ॲनाची कथा तरी काय सांगते? बायबलमध्ये तिचा उल्लेख नाही. याकोबाच्या नावे प्रचलित असलेल्या दुसऱ्या शतकातील ग्रंथात ती उतारवयापर्यंत निपुत्रिक राहून लोकांचे बोल सोसणारी स्त्री आहे. आपल्या धर्मग्रामांतही अशा स्त्रिया आहेत. त्यांचे दुःख कोणी विचारीत नाही, उणे मात्र सारे काढतात. वेदीपुढे ठेवलेले तवशे हे त्या मूक दुःखाचे उच्चारण आहे. ते देवाला दिलेले मोल समजले गेले, तरच ती अंधश्रद्धा ठरेल.

मंदिराच्या दगडाचेही असेच आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा राखला नाही तर पावसाळा त्याला पोखरतो. संरक्षित स्मारक म्हणून फलक लावल्याने भिंत कोरडी राहत नाही. ज्या मंदिरात मिस्सा होतो, बाप्तिस्मा होतो, जेथे माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन येतात, तेथे गळती लवकर ध्यानात येते.

म्हणून जुने देऊळ पाडून सिमेंटचे प्रशस्त देऊळ बांधण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने आधी स्वतःस विचारावे: आपल्याला जागा अपुरी पडते, की आठवण? जागेची अडचण वास्तुविशारद सोडवू शकेल. तीन शतके भिंतींनी ऐकलेल्या प्रार्थना मात्र नव्या भिंतींना नव्यानेच ऐकाव्या लागतील.