कोणत्या क्षेत्री काय मागावं? दत्तक्षेत्रांच्या यादीची एक तपासणी

(जऊळका येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आपल्या भागातून दत्तक्षेत्रांच्या यात्रेला गाड्या निघतात हे तुम्हाला सांगायला नको. त्या यात्रांच्या पत्रकांवर आणि हल्ली मोबाइलवर एक यादी फिरत असते. विद्येसाठी औदुंबर. दारिद्र्य जावं म्हणून नरसोबाची वाडी. बाहेरची बाधा असेल तर गाणगापूर. काम अडलं असेल तर कुरवपूर. आणि संतती हवी असेल तर आपलं कारंजा. खाली पोथीचे अध्यायही दिलेले असतात: संकटाला चौदावा, दारिद्र्याला अठरावा, मूल होत नसेल तर एकोणचाळिसावा. म्हणजे माणसाने दुःख सांगायचं आणि यादीने क्षेत्र सांगायचं.

आज मला बोलायचंय ते या यादीवर. दत्तभक्तीवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मध्येच कुणीतरी उठून जाईल. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे मजकूर समोर आला की तो कशाच्या जोरावर उभा आहे ते बघायची खोड लागली आहे. ही यादी उभी आहे ती गुरुचरित्रावर. सरस्वती गंगाधरांचा हा ग्रंथ घरोघर वाचला जातो, सप्ताह होतात. मग सरळ ग्रंथच उघडून बघू, त्यात ही यादी सापडते का.

कुरवपूरपासून सुरुवात करू. कुरवपूर म्हणजे कृष्णेच्या पात्रातलं बेट, रायचूर जिल्ह्यात; तिकडे कुरुगड्डी म्हणतात. नदी ओलांडून जावं लागतं. श्रीपाद श्रीवल्लभ तिथे राहिले. आठव्या अध्यायात तिथली गोष्ट आहे. अंबिका नावाची बाई, नवरा वारलेला, पदरात एकच मुलगा आणि तोही मतिमंद. लोक इतकं टोचून बोलतात की मायलेक जीव द्यायला नदीवर जातात. तिथे श्रीपादांची भेट होते. आता बघा, ती बाई तिथे काही मागायला गेलेली नाही. ती मरायला गेली आहे. जगण्याला ती विटली आहे, आणि पुढच्या जन्मी तरी श्रीपादांसारखा पुत्र पोटी यावा, एवढंच तिला हवं आहे. तिला शनिप्रदोषाची शिवपूजा सांगितली जाते आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला जातो. मुलगा ज्ञानी होतो.

हीच अंबिका पुढच्या जन्मी कुठे येते? आपल्याच जिल्ह्यात, कारंजाला. माधव नावाच्या ब्राह्मणाची बायको अंबा. तिच्या पोटी नृसिंह सरस्वती जन्मतात. म्हणजे त्या बेटावर केलेली प्रार्थना इथे, वऱ्हाडात, पुरी झाली. यादीवाल्यांना हे फार आवडतं: मागितलं, मिळालं. पण अकराव्या-बाराव्या अध्यायात काय होतं ते सहसा कुणी सांगत नाही. मुलगा उपजतो तो ओंकार म्हणत. नंतर बोलतच नाही. आईबाप काळजीने खचतात. मुंज होते, तेव्हा वेद म्हणतो, आणि भिक्षेला आलेल्या आईलाच सांगतो की मला जाऊ दे. ती रडते. तिला दुसरी मुलं होईपर्यंत तो थांबतो आणि मग काशीला निघून जातो. तिने श्रीपादांसारखा मुलगा मागितला होता. श्रीपाद संन्यासी होते. मिळाला तो तसाच मिळाला!

कारंजाला जाऊन संतती मागणाऱ्या सुनेला हे कुणी सांगतं का? मी तिची चेष्टा करत नाही. यादी करणाऱ्याने पोथी अर्धीच वाचली, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढे चला. विद्येसाठी औदुंबर, हे सतराव्या अध्यायावरून. करवीरचा एक ब्राह्मणपुत्र, त्याला विद्या येत नाही, लोक हसतात. तो भिलवडीला भुवनेश्वरीपुढे बसतो, जीभ कापून वाहतो. देवी सांगते, पलीकडे औदुंबराखाली जा. तो जातो, त्याला जीभही मिळते आणि विद्याही. इथे यादीच्या बाजूने बोलायला जागा आहे हे मान्य केलं पाहिजे, कारण एक दैवत दुसऱ्या ठिकाणी पाठवतंय. पण मंदबुद्धीचा मुलगा शहाणा होण्याची गोष्ट आत्ताच आपण कुरवपूरची ऐकली. मग विद्या कुठली, औदुंबरची की कुरवपूरची? शिवाय वाडीला शिरोळच्या बाईची गोष्ट घडते, जिची मुलं जगत नव्हती. म्हणजे तिथे संततीही आहे आणि बाधाही आहे. ग्रंथात क्षेत्रांची खाती वाटून दिलेली नाहीत. ती मंत्रिमंडळासारखी आपण वाटली.

आता दारिद्र्य आणि वाडी. अठराव्या अध्यायातला घेवड्याचा वेल आठवा. घरात दाणा नाही, दारातल्या वेलाच्या शेंगांवर दिवस निघतात. गुरू भिक्षेला येतात, त्याच शेंगांची भाजी जेवतात आणि जाताना वेल उपटून टाकतात. बाई आकांत करते. नवरा मूळ खणायला जातो तर द्रव्याचा घट लागतो. त्या घराने दारिद्र्य जावं म्हणून काही मागितल्याचं ग्रंथात नाही. त्यांनी होतं ते वाढलं. आणि जगण्याचा एकमेव आधार आधी गेला, घट नंतर सापडला. मधल्या वेळात त्या बाईचं काय झालं असेल, याचा विचार करा. आपण पारायण लावतो ते घटाचं. वेल कुणालाच उपटून नको आहे.

रजकाची गोष्ट तर मला सगळ्यात मोठी वाटते. कुरवपूरचा धोबी, रोज अंगण झाडणारा, नमस्कार करणारा. एकदा नदीवर राजाचा थाट बघतो आणि मनात येतं, असं सुख आपल्याला असतं तर! श्रीपाद ओळखतात. या जन्मी हवं का पुढच्या, विचारतात. तो म्हातारा झालेला, म्हणतो पुढच्या. बेदरचा राजा होतो. हे नवव्या अध्यायात. आणि पन्नासाव्यात? राजाच्या मांडीला फोड होतो, कुणाच्या औषधाने बरा होत नाही, शोधत शोधत गुरूपाशी येतो तेव्हा त्याला पूर्वजन्म आठवतो. मध्ये चाळीस अध्याय गेले. ग्रंथकर्त्याने ही गाठ जाणून मारली आहे असं मला वाटतं. यादीत फक्त नववा अध्याय येतो.

तुम्ही म्हणाल, वल्लभेशाचं काय? त्याने तर उघड नवस केला होता: व्यापारात नफा झाला तर कुरवपूरला सहस्रभोजन. नफा झाला, तो फेडायला निघाला. बरोबर, नवस ग्रंथात आहे. पण त्या अध्यायाचा जीव नफ्यात नाही. वाटेत चोर त्याचं डोकं उडवतात आणि श्रीपाद धावून येतात, हा तो अध्याय. त्याने या संकटासाठी नवस केलेलाच नव्हता.

आणि ग्रंथातला पहिला आर्त कोण? नामधारक. दुःखाने पोळलेला, गाणगापूरच्या वाटेला लागलेला. त्याला काय मिळतं? त्याला सिद्ध भेटतात आणि कथा सांगायला लागतात. सगळं गुरुचरित्र म्हणजे त्या वाटेवर मिळालेलं उत्तर. क्षेत्राला पोचण्याआधीच.

आता थोडं शास्त्राकडे वळतो, कंटाळू नका. आपल्या मीमांसकांनी कर्मांचे प्रकार केले: नित्य, नैमित्तिक, काम्य. नित्य म्हणजे रोजचं, करायचंच. ते यथाशक्ती केलं तरी चालतं. काम्य म्हणजे फळाच्या इच्छेने केलेलं. ते मात्र सांगोपांग व्हावं लागतं. एखादं अंग राहिलं तर फळ नाही. फार कडक नियम आहे हा. सकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या माणसाच्या भक्तीला जेव्हा तुम्ही हेतूचं लेबल लावता, तेव्हा तुम्ही त्याला नित्यातून उचलून काम्यात टाकता. मग उच्चार चुकला का, सोवळं मोडलं का, सात दिवसांत एक दिवस जमिनीवर झोपायचं राहिलं का, हे प्रश्न सुरू होतात.

इथे खरं नुकसान आहे. फळ मिळालं तर क्षेत्राचं माहात्म्य, न मिळालं तर भक्ताची चूक. यादी कधीच खोटी ठरत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलाच्या नोकरीसाठी तीन पारायणं केली. नोकरी लागली नाही. त्यांना मुलाची काळजी होतीच. आता आपल्या हातून काय चुकलं ही दुसरी लागली. आणि बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं. गंमत बघा, गुरुचरित्र स्त्रियांनी वाचू नये असा दंडक काही जण अजून सांगतात, आणि ग्रंथात रडत येणाऱ्यांत किती बायका आहेत!

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. जपानात बेन्झायतेन नावाची देवी आहे, ती मुळात आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. तिची प्रसिद्ध स्थानं बेटांवरच आहेत, एनोशिमा, चिकुबुशिमा, इत्सुकुशिमा. सरस्वती तिकडे धनही देते. परीक्षेसाठी मुलं तेन्जिनकडे जातात, लाकडी पाटीवर इच्छा लिहून टांगतात. हा तेन्जिन म्हणजे मिचिझाने नावाचा विद्वान. खोट्या आरोपावरून त्याला राजधानीतून घालवलं आणि ९०३ साली तो परमुलखात वारला. विद्येने त्याचं काय भलं केलं, हे पाटी टांगणाऱ्या पोरांना कुणी सांगत नसावं.

यादीतल्या बाकीच्या गोष्टींवर मी हसूही शकतो. एका गोष्टीवर हसता येत नाही, ती म्हणजे बाधा. गाणगापूरला माणसं आणतात, आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला आणतात. हिंदू-मुसलमान हा भेद तिथे राहत नाही, दुःखाला तो नसतोच. घरातली पोरगी रात्र रात्र जागते, स्वतःशी बोलते, आणि यादी सांगते, हे बाहेरचं आहे, अमुक ठिकाणी न्या. त्यात वर्षं जातात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रयस्थानात आग लागली. तिथे ठेवलेले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णाला साखळीने बांधणं सरळ बंद केलं आहे. कायदा आहे, पण पहिली साखळी ‘हे डॉक्टरचं काम नाही’ या वाक्याची असते, आणि ते वाक्य यादीत छापलेलं असतं.

मग सुधारकांसारखं म्हणायचं का, की नवस म्हणजे अडाणीपणा? तुकोबांनी नवसाने मुलं होतात या समजुतीची खिल्ली उडवली, आपल्या अमरावतीकडच्या गाडगेबाबांनी नवसाच्या बकऱ्यांवरून लोकांना फैलावर घेतलं. ते योग्यच होतं. पण त्या दोघांचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि दुसरंही एक आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. ज्ञानी वरचा खरा, पण उदार चौघांनाही म्हटलं आहे. पोराच्या तापाने घाबरलेली आई देवापाशी गेली तर ती खालच्या पायरीची, असं म्हणण्याचा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला काही हक्क नाही. मागणं माणसाचं आहे. माझं भांडण मागण्याशी नाही. कुठे काय मिळेल याचा दर ठरवून देणाऱ्याशी आहे.

सुरुवातीला एका चिठ्ठीवर कुणीतरी विचारलं होतं, मग कुरवपूरला जावं की नाही? अवश्य जा. नदी ओलांडताना आठवा अध्याय वाचा, जमलं तर बरोबर अकरावाही वाचा. दुसऱ्या चिठ्ठीवर होतं, मूल आजारी असेल तर कोणता अध्याय? मूल आजारी असेल तर आधी वाशीमला दवाखान्यात न्या. पोथी एसटीतही वाचता येते.

बाकी प्रश्न आता घेऊ.