ख्रिस्ती श्रद्धेतील यातना आणि आरोग्य : इसेनहाइम वेदीचित्राच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

येशूचे क्रूसावरील मरण हे बलिदान होय आणि त्या बलिदानातून मानवाला आरोग्य लाभते, ही ख्रिस्ती धर्मविचारातील मूलभूत धारणा आहे. जुन्या करारातील यशयाच्या ५३ व्या अध्यायात इतरांच्या व्याधी स्वतःवर घेणाऱ्या सेवकाचे वर्णन येते. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात तेच वर्णन येशूला लागू केले आहे. परंतु एकाच्या यातनेने दुसऱ्याची जखम कशी भरून येते, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाला अनेकदा एक सोपे उत्तर दिले गेले : दुःख मुळातच पवित्र असते, म्हणून दुःखिताने ते निमूटपणे सोसावे. हे उत्तर ख्रिस्ती परंपरेशी कितपत सुसंगत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका चित्रकृतीच्या आधारे केला आहे.

रुग्णालयातील वेदी

मॅथियास ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात अल्सास प्रांतातील इसेनहाइम येथील अँटोनाइट मठासाठी हे वेदीचित्र रंगविले. आज ते फ्रान्समधील कोल्मार येथील उंटरलिंडेन संग्रहालयात असून २०२२ मध्ये त्याच्या जतनाचे मोठे काम पूर्ण झाले. संग्रहालयात ते केवळ कलाकृती म्हणून पाहिले जाते. मूळ जागी मात्र ते रुग्णांसमोर होते. अँटोनाइट साधू 'संत अँटनीची आग' या व्याधीने पीडित झालेल्यांची शुश्रूषा करीत. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीमुळे ही विषबाधा होते. तीत अंगाचा असह्य दाह होतो, हातपाय कुजतात, भासही होतात. मठात रुग्णाला चांगली भाकरी, वनौषधींचे लेप आणि संताच्या अवशेषांना स्पर्श केलेला द्राक्षारस मिळे. गरजेनुसार कुजलेला अवयव कापलाही जाई. आंद्रे हेयम यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या वैद्यकीय पार्श्वभूमीवर चित्राचे विवेचन केले आहे.

चित्राचे वाचन

वेदीचे पंख मिटलेले असताना क्रूसावरील येशू दिसतो. त्याची त्वचा हिरवट झालेली, अंगभर काटे रुतलेले, बोटे वेदनेने ताठरलेली आहेत. अशा देहात रुग्णाला आपल्याच देहाची ओळख पटत असली पाहिजे. क्रूसाच्या एका बाजूस बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. शुभवर्तमानानुसार त्याचा वध येशूच्या आधीच झाला होता. तरीही चित्रकाराने त्याला येथे आणले आणि त्याच्या पायाशी पेल्यात रक्त सांडणारे कोकरू रंगविले. ही बलिदानाची खूण आहे. हे बलिदान येथे रुग्णापासून दूर, केवळ सिद्धान्ताच्या पातळीवर राहत नाही. ते त्याच्या व्याधीच्या रूपातच समोर येते.

पंख उघडले की पुनरुत्थानाचे दृश्य दिसते. येशूची त्वचा आता नितळ आहे. मात्र हात, पाय आणि कूस यांवरील जखमा तशाच आहेत. आरोग्य म्हणजे जखमेची खूण पुसणे नव्हे, असेच जणू चित्र सुचवते. हात किंवा पाय गमावलेल्या रुग्णाला याहून प्रामाणिक आश्वासन देता आले नसते.

सर्वांत आतील भागात संत अँटनीच्या छळाचे दृश्य आहे. डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाची, फोडांनी भरलेली एक आकृती पडलेली आहे. उजव्या कोपऱ्यातील कागदावर संताची तक्रार लिहिली आहे : प्रभो, तू कोठे होतास, माझ्या जखमा बऱ्या करायला आला का नाहीस? आपल्या विषयाच्या दृष्टीने हा तपशील सर्वाधिक महत्त्वाचा आहे. येथे संतही निमूटपणे सोसत नाही; तो जाब विचारतो आणि त्या जाबाला वेदीवर स्थान मिळते.

दुःखाचे उदात्तीकरण : एक आक्षेप

जर्मन धर्मविचारक डोरोथे झ्योले यांनी १९७३ मध्ये दुःखाला देवाची इच्छा मानणाऱ्या ख्रिस्ती प्रवृत्तीवर कठोर टीका केली. ती टीका रास्त आहे. पीडित स्त्री, गुलाम, रोगी यांना 'आपला क्रूस वाहा' असे सांगणे अन्याय करणाऱ्याच्याच सोयीचे ठरते. बायबलमध्येही या प्रवृत्तीला आधार मिळत नाही. यशयातील पाहणारे लोक सेवकाला देवानेच शिक्षा केली असे समजतात, आणि पुढे त्यांनाच आपला गैरसमज कळतो. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांधाचे अंधत्व कोणाच्या पापाचे फळ, असे शिष्य विचारतात. येशू तो कार्यकारणसंबंध नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो.

या आक्षेपानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्या व्याधीवर उपाय नाही, तिचे काय? अशा ठिकाणी उपचार संपतो. सोबत मात्र संपू नये. क्रूसावरील देह रुग्णाला देते ती ही सोबत.

निष्कर्ष

ख्रिस्ती बलिदानाच्या कल्पनेत यातनेला स्वतंत्र मूल्य नाही. दुसऱ्याची वेदना आपली मानण्यात तिचे मूल्य आहे, आणि त्याची कसोटी शुश्रूषेत लागते. इसेनहाइममध्ये वेदी आणि रुग्णशय्या एकाच मठात होत्या. भाकरी, लेप आणि शस्त्रक्रिया नसती, तर तेच चित्र केवळ सोसण्याचा उपदेश ठरले असते. म्हणून यातनेविषयीचे कोणतेही धर्मवचन वाचताना ते कोण कोणाला सांगत आहे आणि सांगणाऱ्याचे हात त्या वेळी काय करीत आहेत, हे अभ्यासकाने आधी पाहिले पाहिजे.