कड लपवली, पण टाका कशाला?

क्विल्टवरच्या हातकामाचं कौतुक करायचं, तर एक वाक्य ठरलेलं असतं: 'टाका दिसतच नाही!' रीलमध्ये सुई दुमडीखाली शिरते, दोरा ओढला की गायब होतो, आणि आपण अंगठा थांबवून पुन्हा बघतो. बघायला मजा येते, हे मान्यच. पण या कौतुकात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कापडाची कच्ची कड आत घेणं ही एक गोष्ट, आणि ती कड धरून ठेवणारा टाका लपवणं ही दुसरी. पहिली गरज आहे. दुसरी निव्वळ आवड आहे, आणि आवडीमागे कुणाची तरी ऐपत असते.

आधी गरजेबद्दल. अ‍ॅप्लिके म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार कापून शिवणं. विणलेलं कापड कापलं की कडेचे धागे सुटायला लागतात, आणि क्विल्ट तर धुवायची, अंगावर ओढायची वस्तू. म्हणून आकाराभोवती साधारण पाव इंच किंवा त्याहून थोडं कमी मार्जिन ठेवतात आणि ते आत दुमडून शिवतात. ऐकायला सोपं आहे, पण कापड ऐकत नाही. पाकळीच्या बाहेरच्या गोलाईवर दुमडलेलं मार्जिन जास्तीचं होतं, गोळा होतं आणि कडेला बारीक कोपरे निघतात. आतल्या गोलाईवर उलटं होतं. तिथे मार्जिन कमी पडतं, ताणलं जातं, म्हणून कात्रीने छोट्या चिरा द्याव्या लागतात. पानाच्या टोकाशी दोन्ही बाजूंची मार्जिनं एकाच जागी येऊन बसतात. बदामाच्या वरच्या खाचेत तर दुमडायला जवळजवळ काहीच उरत नाही, तिथे दोनचार धाग्यांच्या भरवशावर टाके दाट घालायचे. एवढं करून फिकट कापड गडद कापडावर लावलं, की आतलं मार्जिन बाहेरून सावलीसारखं दिसतं ते दिसतंच. देठ मात्र तिरक्या धाग्यात कापला तर वळतो तसा वळतो.

ही सगळी कसरत सर्वांत ऐटीत दिसते ती बाल्टिमोर अल्बम क्विल्टमध्ये. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं हे बंदराचं शहर. 1840च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षं तिथे या क्विल्टची लाट होती. पांढऱ्या चौकोनांवर लाल-हिरव्या कापडाची फुलं, परड्या, पक्षी, जहाजं. एकेक चौकोन वेगळ्या बाईचा, त्यावर अनेकदा शाईने सही. बदली होऊन जाणाऱ्या पाद्र्याला किंवा लग्न होणाऱ्या मुलीला भेट. यातल्या चांगल्या चौकोनांवर द्राक्षाएवढे गोल आहेत आणि त्यांची कड नाण्यासारखी गुळगुळीत आहे. डोळे दिपतात. तरीही यातल्या बऱ्याच क्विल्ट मला थंड वाटतात. इतकं नितळ काम बघताना हात आठवतच नाही, छापील चित्र बघतोय असं वाटतं. या कामाला नवं कोरं कापड लागतं, दिवसाउजेडी मोकळा वेळ लागतो, आणि क्विल्ट रोज न वापरण्याची सोय लागते. सही शाईत आणि मेहनत दुमडीखाली, ही वाटणी मला अजून पटलेली नाही.

आता त्याच देशातली हॅरिएट पॉवर्स. जन्म 1837, जॉर्जिया, गुलामीत. तिच्या दोनच क्विल्ट आज आपल्यासमोर आहेत. पहिलीत बायबलमधल्या कथांचे अकरा चौकोन आहेत. दुसरीत पंधरा, आणि त्यांत 1833चा उल्कावर्षावही आहे. पहिली क्विल्ट 1886मध्ये एका प्रदर्शनात मांडली होती. पुढे नड आली तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि हाती पाच पडले. विकल्यानंतरही ती क्विल्टला भेटायला जात राहिली. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. तिच्या आकृत्या हाताने आणि मशीननेही शिवलेल्या आहेत, आणि शिलाई लपवायची धडपड नाही. 'टाका दिसतो का' या मोजपट्टीवर ती बाल्टिमोरच्या एखाद्या हौशी चौकोनापुढेही हरेल. मग ती मोजपट्टीच चुकीची आहे. तिच्या माणसांचे हात वर उठतात, प्राणी तिरके धावतात, आणि शिलाई त्या धावण्याच्या आड येत नाही. शिवाय मशीन नवं आणि महाग होतं तेव्हा कित्येक अमेरिकन बायकांनी मशीनची शिलाई मुद्दाम दिसेल अशी मारली होती. मिरवायची गोष्ट बदलली की लपवायची गोष्टही बदलते.

कड लपवून टाका उघडा ठेवण्याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या शेजारी आहे. गोव्यापासून घाट चढला की उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. त्यांची कोकणी ऐकली तर त्यात मराठीही सापडेल. तिथल्या बाया कवंदी शिवतात. खाली जुनी साडी, तिच्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे. सुरुवात कडेच्या कोपऱ्यातून. तुकड्याची कड बोटाने आत मुडपायची आणि धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरत मध्याकडे यायचं. पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याची उघडी कड झाकतो. पाव इंच मोजायचं कारण नाही, चिरा देण्याचं नाही, कारण आकार बहुतेक चौकोनीच. सगळी अक्कल क्रमात आहे. कच्ची कड कुठेच उघडी राहत नाही, आणि टाका मात्र वरून सरळ दिसतो, रांगेमागून रांग. तीच रांग थरही जोडते आणि नक्षीही होते. शेवटी चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांची 'फुलं'. ती नसतील तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

आपल्या गोधडीचा धावदोराही असाच उघडा असतो, पण आपण तिला 'मायेची ऊब' म्हणून मोकळे होतो. मायेचं कौतुक केलं की कामाकडे बघावं लागत नाही. गोधडीबद्दल लिहिताना दोन रांगांमधलं अंतर किती, कोपऱ्यावर रांग कशी वळवली, जाड तुकड्यापाशी टाका लांबला का, लुगड्याचा काठ कुठे वापरला, एवढं तरी कुणी लिहावं. बाल्टिमोरच्या पाकळीवर याच बारकाईने पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.